साप्ताहिक सभा आणि अष्ठीला ग्रंथी

अमेरिकेतील शिकागो शहरात डिअरबॉर्न मार्गावर युनिटी बिल्डिंग नावाची एक इमारत होती. तिच्यातील ७११ क्रमांकाच्या खोलीत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी सायंकाळी चार गृहस्थ एकत्र जमले. पॉल हॅरिस हा वकील, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी, गस्टाव्हस लोअर हा खाणींचा अभियंता आणि हायरम शोरी हा शिंपी. मोठ्या शहरात माणूस गर्दीत असूनही एकटा पडतो, तेव्हा निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी नियमाने भेटावे, एवढाच त्यांचा प्रारंभीचा हेतू होता. सभा प्रत्येकाच्या कचेरीत आळीपाळीने भरे. या फेरपाळीवरूनच त्या मंडळास रोटरी हे नाव पडले.

नुसत्या स्नेहभेटी फार दिवस पुरत नाहीत. १९०७ साली या मंडळाने पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले आणि ते होते शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधून घेण्याचे. मूत्रविसर्जनासारख्या विषयाचा उच्चार सभ्य मंडळींत निषिद्ध मानला जात असे, त्या काळातील ही गोष्ट आहे. पुरुषांना दारूच्या गुत्त्यात आणि स्त्रियांना मोठ्या दुकानांत ही सोय मिळतेच, मग वेगळा खर्च कशाला, असा विरोधही झाला. त्या सोयीसाठी माणसाला दारू किंवा कापड विकत घ्यावे लागते, हे मात्र विरोधक सांगत नव्हते. सेवासंस्थांच्या इतिहासाचा आरंभ असा एका नकोशा विषयाने झाला. आज एखाद्या साप्ताहिक सभेत पुरुषांच्या मूत्रविकारांवर व्याख्यान ठेवले जाते, तेव्हा ती परंपरेशी विसंगत गोष्ट मानण्याचे कारण नाही.

पुढे या धर्तीवर इतर मंडळेही निघाली. १९१५ मध्ये डेट्रॉइट येथे किवानिस व १९१७ मध्ये शिकागोतच लायन्स ही संघटना स्थापन झाली. भारतात रोटरीचा प्रवेश कलकत्त्यात झाला आणि १९२९ मध्ये मुंबईत क्लब निघाला. दीर्घकाळ ही मंडळे केवळ पुरुषांची होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये दिलेल्या निकालानंतर व १९८९ मध्ये संघटनेने स्वतःचा नियम बदलल्यानंतर स्त्रियांना रोटरीचे सभासदत्व खुले झाले. दर आठवड्यास सभा भरलीच पाहिजे हा नियमही २०१६ मध्ये शिथिल करण्यात आला. तरीही अनेक गावी साप्ताहिक सभेची प्रथा आजही चालू आहे, आणि ती चालू आहे हे आरोग्यशिक्षणाच्या दृष्टीने बरेच आहे.

असे म्हणण्याचे कारण सभेच्या रचनेतच सापडते. अध्यक्ष घंटा वाजवतात, पाहुण्यांचा परिचय होतो, वाढदिवसांचे अभिनंदन होते, चिटणीस सूचना वाचतात, कोणी उशिरा आलेला सभासद हसत हसत दंडाची रक्कम डब्यात टाकतो. मग व्याख्यात्याला वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, त्यानंतर प्रश्न, आणि शेवटी पुन्हा घंटा. यात वैद्यकीय काहीच नाही. श्रोता रुग्ण म्हणून आलेला नसतो. तो सभासद म्हणून, चहा-फराळासाठी आणि मित्रांसाठी आलेला असतो. दवाखान्याची पायरी चढायला जो माणूस वर्षभर टाळाटाळ करील, तो येथे आपणहोऊन बसतो. शिवाय प्रत्येक व्यवसायातून मोजकेच सभासद घेण्याच्या जुन्या पद्धतीमुळे त्या सभागृहात वकील, व्यापारी, शिक्षक, कारखानदार असे भिन्न लोक शेजारीशेजारी असतात. वयाने मात्र त्यांतील बरेच जण पन्नाशीच्या पुढचे असतात. ज्या रोगांविषयी बोलायचे त्यांचे वय तेच.

पुरुष वैद्याकडे उशिरा जातो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. जगातील जवळजवळ सर्व देशांत पुरुषांचे सरासरी आयुर्मान स्त्रियांपेक्षा कमी आहे. त्यास शरीररचना, धूम्रपान, मद्य, अपघात अशी अनेक कारणे असली तरी हा संकोचही त्यांपैकी एक होय. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी २००३ मध्ये काही मित्रांनी नोव्हेंबर महिनाभर मिशा वाढविण्याची गंमत सुरू केली. पहिल्या वर्षी तीस जण त्यात होते. पुढच्या वर्षापासून तिला अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगासाठी निधी जमविण्याचे रूप आले आणि आज ती चळवळ अनेक देशांत पसरली आहे. रोगाविषयी बोलण्यास जो धजत नाही, तो मिशीविषयी बोलण्यास तयार होतो, एवढेच त्यातले मर्म आहे.

आता एका जिल्ह्याच्या गावच्या क्लबाची अशी एक सभा कल्पावी. सभागृहात चाळीसएक माणसे आहेत. पाच-सहा स्त्रिया सभासद पुढच्या रांगेत आहेत. फळ्यावर विषय लिहिला आहे : पन्नाशीनंतरचे पुरुषांचे आरोग्य. व्याख्याते शल्यचिकित्सक आहेत. त्यांनी आरंभ ग्रंथीपासून केला नाही, तंबाखूपासून केला. आणि तो क्रम योग्यच होता. अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग ऑस्ट्रेलियातील पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे खरा. परंतु भारतातील पुरुषांत पहिले स्थान मुखाच्या कर्करोगाचे आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी. पाश्चात्त्य पुस्तिकेतील क्रम जसाच्या तसा उचलणारा व्याख्याता आपल्या श्रोत्यांना त्यांच्या खऱ्या शत्रूपासून दूर नेतो. दुसरी गोष्ट त्यांनी रक्तदाबाची सांगितली. १४० वर ९० हा आकडा ओलांडणारा दाब वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखवता मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांची हानी करीत राहतो. तो मोजण्यास दोन मिनिटे लागतात. एवढे सांगून ते मुख्य विषयाकडे वळले.

अष्ठीला ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी असते. तरुणपणी तिचा आकार साधारण अक्रोडाएवढा असतो आणि मूत्रमार्ग तिच्या मधोमध आरपार जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती निर्माण करते. तिच्या नावाविषयी थोडे सांगण्यासारखे आहे. प्रोस्टेट हा शब्द मूळ ग्रीक असून ‘पुढे उभा राहणारा’ असा त्याचा अर्थ आहे. त्यावरून काही भारतीय भाषांत ‘पुरःस्थ ग्रंथी’ अशी संज्ञा आली. मराठीत रूढ झालेला ‘अष्ठीला’ हा शब्द मात्र आपल्याच वैद्यकातून आलेला आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा गोटा. सुश्रुतसंहितेत मूत्र अडविणाऱ्या विकारांच्या वर्णनात वाताष्ठीला नावाचा विकार येतो. त्यात गोट्यासारखी घट्ट गाठ मूत्राचा मार्ग रोखते असे म्हटले आहे. जुन्या वैद्यांना ही ग्रंथी स्वतंत्र अवयव म्हणून ठाऊक होती असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. पण म्हाताऱ्या पुरुषाचे मूत्र अडते आणि आत काहीतरी गोट्यासारखे असते, हा अनुभव जुना आहे, यात शंका नाही.

चाळिशीनंतर ही ग्रंथी हळूहळू वाढू लागते. पन्नास ते साठ या वयोगटातील सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते आणि ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांत. ही वाढ कर्करोग नव्हे. मूत्रमार्गाला लगटून असलेला ग्रंथीचा आतील भाग फुगतो आणि मार्ग चेपला जातो. मग मूत्र सुरू होण्यास वेळ लागतो, धार बारीक होते, मध्येच तुटते, पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही, रात्री दोनदा, तीनदा, पाचदा उठावे लागते. व्याख्यात्यांनी येथे श्रोत्यांना एक सोपे काम दिले : तीन दिवस केव्हा आणि किती पाणी, चहा प्यालो व केव्हा मूत्रास गेलो, हे कागदावर टिपून ठेवावे. कारण वारंवार मूत्रास जाणे हे मधुमेहाचेही लक्षण आहे, आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन पेले चहा घेणाऱ्याच्या बाबतीत ते चहाचेही लक्षण आहे. पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “कागद आम्हीच ठेवू, डॉक्टरसाहेब. रात्री कितीदा दिवा लागतो ते यांना सकाळी आठवत नाही.” सभागृहात हशा पिकला. स्त्रियांना सभासदत्व मिळाल्याचा हा लाभ नियम बदलणारांच्या मनात नसेलही.

औषधांची कथा अधिक मनोरंजक आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबे अशी आढळली की, त्यांतील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी याचे कारण प्रसिद्ध केले. पुरुष-संप्रेरक टेस्टोस्टेरॉन याचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करणारे एक विकर त्यांच्या शरीरात अपुरे होते. या पुरुषांची अष्ठीला ग्रंथी मोठेपणीही लहानच राहते, असे दिसून आले. निसर्गाने केलेला हा प्रयोग पाहून औषधशास्त्रज्ञांनी तेच विकर रोखणारे द्रव्य शोधले. फिनास्टेराइड या नावाने ते १९९२ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्य झाले. त्याने ग्रंथी आकसते; मात्र परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागतात. दुसऱ्या प्रकारची औषधे ग्रंथीतील व मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायू सैल करतात आणि काही दिवसांत आराम देतात. पण त्यांच्यामुळे उठून उभे राहताना घेरी येण्याचा संभव असतो. औषधाने भागले नाही तर मूत्रमार्गातून उपकरण घालून वाढलेला भाग काढता येतो. आणखी एक इशारा व्याख्यात्यांनी दिला, तो घरोघरी उपयोगाचा आहे. सर्दीवर मिळणारी काही औषधे मूत्राशयाचे मुख आवळतात किंवा त्याचे आकुंचन मंदावतात. ग्रंथी वाढलेल्या माणसाने ती न विचारता घेतली तर मूत्र पूर्णपणे अडण्याचा धोका असतो.

यानंतर कर्करोगाचा प्रश्न आला. येथे बहुतेक लोकांची समजूत उलटी असते. मूत्राचा त्रास म्हणजे कर्करोगाची सूचना, आणि त्रास नाही म्हणजे काळजी नाही, असे त्यांना वाटते. वस्तुस्थिती अशी की, या ग्रंथीतील बहुतेक कर्करोग बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर, उत्पन्न होतात. म्हणून आरंभी ते कोणतेच लक्षण दाखवीत नाहीत. त्रास होतो तो बहुधा निरुपद्रवी वाढीचा. हाडांत दुखू लागेपर्यंत कर्करोग गप्प राहू शकतो.

हा रोग पुरुष-संप्रेरकावर पोसला जातो, ही गोष्ट चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागो विद्यापीठात सिद्ध केली. ज्या शहरात त्या चार गृहस्थांची सभा भरली, तेच हे शहर. संप्रेरकाचा पुरवठा तोडल्यास पसरलेला रोगही काही काळ मागे हटतो, असे त्यांनी दाखविले. या कार्यासाठी त्यांना १९६६ मध्ये पेटन राउस यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. रोग लवकर ओळखण्याची वाट मात्र पुढे सापडली. अष्ठीला ग्रंथीतील पेशी एक विशिष्ट प्रथिन तयार करतात आणि त्याचा अल्पांश रक्तात उतरतो. पीएसए या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. १९८६ मध्ये अमेरिकेत ही रक्तपरीक्षा आधीच रोग झालेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि १९९४ मध्ये रोग शोधण्यास साहाय्यक म्हणून मान्य झाली. एका मिलिलिटर रक्तात ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा पुष्कळ काळ धरली गेली.

पण हे प्रथिन ग्रंथीचे आहे, कर्करोगाचे नव्हे. साधी वाढ, जंतुसंसर्ग, नुकतेच झालेले वीर्यस्खलन यांनीही ते वाढते; फिनास्टेराइड घेणाऱ्याचे सुमारे निम्म्यावर येते. आकडा वाढला म्हणून सुईने ग्रंथीचे तुकडे काढून पाहिलेल्या पुरुषांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यातच कर्करोग सापडतो. उलट बाजूही आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ज्यांचा आकडा ४ किंवा त्याहून कमी होता अशा २,९५० पुरुषांचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला. शिवाय अन्य कारणांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या शवचिकित्सेत अशा लहान, निद्रिस्त गाठी वारंवार सापडतात. त्यांनी त्या माणसाचे काही वाकडे केले नव्हते.

तर मग सरसकट परीक्षा करावी की न करावी? व्याख्यात्यांनी येथे फळा पुसून आकडे मांडले. युरोपातील आठ देशांत १९९० च्या दशकापासून चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात ५५ ते ६९ वर्षांच्या सुमारे एक लाख बासष्ट हजार पुरुषांचे दोन गट पाडले होते. एका गटाला वेळोवेळी या परीक्षेसाठी बोलावले, दुसऱ्याला बोलावले नाही. २००९ मध्ये, म्हणजे साधारण नऊ वर्षांनंतर, हिशेब असा निघाला की एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांना बोलवावे लागते व ४८ जास्तीच्या रुग्णांवर उपचार करावे लागतात. २०२५ मध्ये तेवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. तेव्हा हे प्रमाण ४५६ जणांना बोलावणे आणि १२ जास्तीच्या रुग्णांचे निदान, यावर आले. वर्षे वाढली तसा लाभ अधिक दिसला, कारण हा रोग मंदगतीने वाढतो. तरी हजार पुरुषांमागे मृत्यूंची संख्या सोळांवरून चौदांवर आली, एवढाच त्याचा अर्थ. ते दोघे ज्या घरांतले, त्या घरांना हा ‘एवढाच’ शब्द रुचणार नाही. आणि ज्यांच्यावर विनाकारण शस्त्रक्रिया झाली व जे त्यानंतर मूत्र रोखू शकत नाहीत किंवा पुरुषत्व गमावून बसले, त्यांना पहिली बाजू रुचणार नाही.

हा तिढा काहीसा सोडविणारी एक वाट आता मिळाली आहे. ब्रिटनमध्ये मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर किरणोपचार केले आणि काहींवर नुसती बारीक नजर ठेवली. पंधरा वर्षांनंतर, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गटांत मिळून ९७ टक्के पुरुष या रोगाने मेले नव्हते आणि गटागटांत मृत्यूंचा म्हणण्यासारखा फरक नव्हता. नजर ठेवलेल्या गटात रोग शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र जवळजवळ दुप्पट होते, हेही सांगितले पाहिजे. निदान झाले म्हणजे लगेच सुरी चालवावी, हा नियम त्यामुळे मागे पडला. तुकडा काढण्याआधी चुंबकीय अनुस्पंदनाने ग्रंथीचे चित्र घेण्याची पद्धतही रूढ होत आहे. तिच्यामुळे निरर्थक सुया टळतात. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१२ मध्ये या परीक्षेविरुद्ध मत दिले होते. २०१८ मध्ये त्याने ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने वैद्याशी बोलून स्वतः ठरवावे, असे म्हटले. सत्तरीनंतर ती नित्यपरीक्षा म्हणून करू नये हे मत कायम ठेवले. ज्याच्या वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला आहे त्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. त्याने हे बोलणे लवकर करावे.

व्याख्यान संपले तेव्हा अध्यक्षांनी प्रश्न विचारण्यास सांगितले. दोन प्रश्न आले : एक टोमॅटो खाण्याविषयी, दुसरा सायकल चालविण्याविषयी. नेहमी असेच होते. घंटा वाजली, आभार मानले गेले, आणि खरे प्रश्न दाराबाहेर चपला घालताना सुरू झाले. अनुभवी व्याख्याता म्हणूनच लगेच गाडीत बसत नाही.

साठीचे एक व्यापारी गृहस्थ सर्वांच्या मागे राहिले होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या मेहुण्यांना थोडा त्रास आहे.”

“रात्री किती वेळा उठतात?”

“उठण्याचे काही नाही. त्यांचे थेंब थेंब चालूच असते. कपडे केव्हा ओले होतात ते कळत नाही. दुखत मात्र मुळीच नाही, म्हणून त्यांनी मनावर घेतले नाही.”

“ओटीपोट भरल्यासारखे, घट्ट लागते का?”

गृहस्थांचा हात नकळत स्वतःच्या पोटाकडे गेला. “हो. पोट सुटले असेल असे वाटले.”

डॉक्टरांनी मेहुण्यांविषयी आणखी काही विचारले नाही. त्यांनी एवढेच समजावून सांगितले की, थेंब थेंब गळणे हे मूत्राशय रिकामे होत असल्याचे चिन्ह नाही, तो काठोकाठ भरून ओसंडत असल्याचे चिन्ह आहे. एरवी चार-पाचशे मिलिलिटर मूत्र साठताच माणसास राहवत नाही. परंतु अडथळा महिनोन् महिने राहिला की मूत्राशय ताणत जातो, त्याची जाणीव बोथट होते आणि लिटरभर किंवा त्याहून अधिक मूत्र दुखण्यावाचून आत राहते. त्याचा दाब उलट मूत्रपिंडांवर पडतो. न दुखणे ही तेथे चांगली खूण नव्हे. “त्यांना उद्या सकाळी नऊ वाजता आणा,” डॉक्टर म्हणाले, “पाठवू नका, तुम्ही स्वतः घेऊन या. कुठलीही सर्दीची गोळी आज घेऊ नका म्हणावे.”

दुसऱ्या दिवशी नवाला दहा मिनिटे असतानाच ते गृहस्थ दवाखान्यात आले. ते एकटेच होते. केसपेपरावर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले. ध्वनिलहरींच्या साहाय्याने मूत्राशय पाहण्यात आला, रक्तातील क्रिएटिनिन मोजण्यास पाठविले आणि नळी घालून साठलेले मूत्र काढण्यात आले. अशा रुग्णास मूत्र मोकळे झाल्यावर पुढील एक-दोन दिवस फार मोठ्या प्रमाणात मूत्र होण्याचा संभव असतो आणि त्याबरोबर शरीरातील क्षार जातात. म्हणून त्यांना घरी न पाठवता रुग्णालयात ठेवून घेतले. ग्रंथीवरील शस्त्रक्रियेचा विचार मूत्रपिंडांचे काम सुधारल्यानंतर करावयाचा, असे ठरले.